आधी खापर, मग ओटा

ढाणकीत, किंवा उमरखेड तालुक्यातल्या तेवढ्याच आकाराच्या कुठल्याही गावात, नवे घर बांधताना नकाशात स्वयंपाकघर असते, गॅसच्या ओट्याला काळा ग्रॅनाइट असतो, भिंतीला कमरेच्या वरपर्यंत टाइल्स असतात. आणि मागच्या सांदवाडीत, न्हाणीच्या बाजूला, नकाशात कुठेच नसलेली एक चूल असते. कधी तीन दगडांची, कधी माती लिंपून केलेली. पाणी तिच्यावर तापते, रोडग्यांचा बेत तिच्याच आजूबाजूला होतो, पाहुणे जास्त झाले की भाकऱ्याही तिच्यावरच जातात. घराच्या खर्चातला एक रुपयाही तिच्या वाट्याला आलेला नसतो.

संपादकांनी ‘विस्तव’ हा विषय दिला तेव्हा अपेक्षा बहुधा हुरड्याच्या आगटीची किंवा शेकोटीच्या गप्पांची असावी. हा लेख त्याहून रुक्ष गोष्टीबद्दल आहे. मातीच्या भांड्याखाली घराबाहेर विस्तव करायचा, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईने वाकायचे किंवा उकिडवे बसायचे नाही असे ठरवले, तर त्या विस्तवाखाली टेबल कसे हवे? पुण्या-मुंबईच्या फार्महाउसांवर आता परदेशी सिरॅमिक ग्रिल येऊ लागली आहेत आणि त्यांच्यासाठी सागवानी टेबले बनवून घेतली जातात. तिथला प्रश्न आणि ढाणकीतला प्रश्न एकच आहे. दोन्हीकडे तो चुकतो आणि एकाच कारणाने चुकतो. आधी टेबल ठरते, मग त्यावर विस्तव ठेवला जातो. प्रत्यक्षात मोजमाप विस्तवापासून सुरू करून खाली जमिनीपर्यंत न्यायला हवे.

जपानी चूल, अमेरिकी अंडे

सिरॅमिक ग्रिल म्हणजे जाड बुडाचे, जाड झाकणाचे, अंड्याच्या आकाराचे भाजलेल्या मातीचे भांडे. खाली हवा आत जायला झरोका, वर धूर बाहेर जायला दुसरा झरोका, मध्ये लोखंडी जाळी, तळाशी कोळसा. मूळ जपानी, भात शिजवायच्या मातीच्या चुलीचे हे घराणे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांना त्यात मांस फार रसदार भाजले जाते असे दिसले आणि ती भांडी समुद्रापार गेली. १९७४ साली अटलांटा शहरात एड फिशर यांनी त्यांची विक्री सुरू केली. ‘बिग ग्रीन एग’ हे नाव तिथून जगभर पसरले. सुरुवातीची साधी मातीची भांडी काही काळाने तडकत, म्हणून पुढे जास्त टिकाऊ सिरॅमिक आले. त्यातल्या मोठ्या मापाच्या एका ग्रिलचे वजन सुमारे ७३ किलो भरते. थोडा कोळसा, झरोक्यांवर ताबा आणि भिंतीत साठून राहणारी उष्णता यांवर तासन्‌तास एकच तापमान धरून ठेवणे, ही या भांड्याची करामत.

आपल्याकडे याचे नातेवाईक दोन. एक तंदूर. नागपूर-तुळजापूर महामार्ग उमरखेडवरून जातो. त्यावरच्या कुठल्याही ढाब्यावर मागच्या बाजूला तो दिसेल. पत्र्याच्या चौकोनी पेटीत मातीची कोठी, आणि कोठी व पत्रा यांच्या मधल्या पोकळीत वाळू, राख किंवा तत्सम भरण. पत्र्याला हात लावला तर गरम लागतो, पण भाजत नाही. दुसरे नातेवाईक आपल्या जास्त जवळचे: खापर. खानदेशात पुरणाचे मांडे आणि नागपूर-वर्ध्याकडे लांब पोळी उपड्या मातीच्या भांड्यावर भाजतात. मांड्यांना खापर किती अपरिहार्य आहे हे मुक्ताबाईच्या कथेत मराठी माणसाने लहानपणीच ऐकलेले असते. विसोबाने कुंभारांना खापर द्यायची बंदी केली आणि मांडे अडले. तवा आण, परात आण, असा पर्याय त्या कथेत कुणी सुचवत नाही. ज्ञानेश्वरांची पाठच तापावी लागते.

लांब पोळीचे काम जवळून पाहिले की टेबलाचा प्रश्न समजतो. बारीक चाळलेल्या गव्हाच्या पिठाची कणीक इतकी सैल असते की तिला गोळा म्हणणे कठीण. परातीत ती पुन्हा पुन्हा उचलून आपटतात. तार येईपर्यंत, म्हणजे उचलली की तुटण्याऐवजी लोंबू लागेपर्यंत. मग एक मुटका ओल्या हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवत नेतात. तो मनगटाच्या पुढे कोपराकडे सरकत ताणला जातो, पार रुमालासारखा पातळ होतो, आणि मग दोन्ही हात खापराच्या दोन बाजूंना एकदम खाली येतात. पोळी घुमटावर पसरते. हात खापराला लागत नाहीत, पण अंतर चार बोटांचेच असते. काही क्षणांत फोड येतात, कड सुटते, पोळी उचलून घडी घातली जाते. या सगळ्यात हात वरून खाली येतात. म्हणजे खापराचा माथा कोपराच्या खाली असलाच पाहिजे. टेबलाचे पहिले माप हे.

उंची वजाबाकीने निघते

स्वयंपाकघराचा ओटा गवंडी ३२ ते ३४ इंचांवर बांधतो. गॅसची शेगडी चार-पाच इंच उंच, त्यावर कढई. पाच फूट उंचीच्या बाईला ते जमते. तोच गवंडी अंगणात चुलीसाठी ओटा बांधायला सांगितला की सवयीने त्याच उंचीवर फरशी टाकतो. आता हिशेब करा. फरशीवर नऊ इंचांची चूल, तिच्यावर फूटभर उंचीचे उपडे खापर. माथा जमिनीपासून ५४ इंचांवर गेला, म्हणजे साडेचार फूट. पाच फुटी बाईचा खांदा त्याच्या खाली राहतो. तिने हात डोक्याएवढे वर करून पोळी टाकायची, ज्वाळा तिच्या छातीसमोर आणि धूर थेट डोळ्यांत. दोन दिवसांत ती पाट घेऊन त्यावर उभी राहते, आठवड्याने ओट्यावर कपडे धुण्याचे साबण येतात आणि चूल पुन्हा जमिनीवर. ‘बायकांना नवे काही नको असते’ असा निष्कर्ष मग घरातले पुरुष काढतात.

उलट्या बाजूने मोजले की उत्तर वेगळे येते. पाच फुटी बाईचे कोपर जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर असते. हात खाली यायला चार-पाच इंच मोकळे हवेत, म्हणजे माथा ३३ इंचांवर. त्यातून खापराचे १२ आणि चुलीचे ९ इंच वजा करा. उरतात १२. विस्तवाखालचा ओटा फक्त फूटभर उंच हवा! शेजारी परात ठेवायची, कणीक आपटायची जागा मात्र ३० इंचांच्या आसपास हवी, कारण आपटताना अंगाचा भार वरून द्यावा लागतो. म्हणजे हे एक सपाट टेबल नाहीच. दोन उंचींची पायरी आहे. परदेशी ग्रिलची चांगली टेबलेही अशीच असतात. त्यांत भांडे वरच्या फळीवर ठेवलेले नसते, खालच्या कप्प्यावर बसवलेले असते आणि वरच्या फळीला गोल भोक पाडून त्यातून त्याचे अर्धे अंग वर येते. जाळी बुडापासून जवळपास दीड फुटावर असल्यामुळे वजाबाकी तिथेही चुकत नाही. आपल्याकडे फोटो पाहून टेबल करणारा सुतार ते भोक शोभेचे समजतो, ही खरी अडचण.

जुन्या चुलीला ही पायरी ठाऊक होती, फक्त बसल्या उंचीवर. चुलीच्या कडेला वैल, मागे भाणवस. जाळावर एक भांडे, वैलावर मंद आचेचे दुसरे, भाणवसावर उतरवून ठेवलेले तिसरे, उजव्या हाताला काटवट. विस्तवाभोवतीची प्रत्येक जागा वेगळ्या उष्णतेची आणि वेगळ्या कामाची. उभ्याने काम करायचे ठरवले तेव्हा आपण एवढेच उचलून वर न्यायला हवे होते. आपण गॅसचा सपाट ओटा बाहेर आणला.

काळी जमीन

ढाणकीची जमीन कापसाची. भारी काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यात हात जाईल अशा भेगा पडतात. इथे लोक म्हणतात, चुलीच्या ओट्याला कसला आलाय पाया, वजन ते किती? गंमत अशी की काळ्या मातीत हलक्या बांधकामाचेच जास्त हाल होतात. दुमजली घराचे वजन फुगणाऱ्या मातीला काही प्रमाणात दाबून धरते. फूटभर उंचीच्या ओट्याला माती सहज उचलते आणि उन्हाळ्यात सोडून देते, तेही एका कोपऱ्याला जास्त, दुसऱ्याला कमी. दोन पावसाळ्यांत फरशीला तिरपा तडा जातो. म्हणून ओट्याच्या मापापेक्षा थोडी मोठी जागा घेऊन काळी माती दोन फूट काढून टाकायची, मुरूम थराथराने भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसाने ठोकायचा. आणि न्हाणीचे पाणी त्या बाजूला येणार नाही अशी व्यवस्था करायची. फुगणे-आकसणे हे पाण्याच्या येण्या-जाण्यावर असते. एवढे केले तर वरच्या कामाला महाग काही लागत नाही.

पाया नको असेल तर लोखंडी घोडी हा दुसरा मार्ग. उमरखेड-ढाणकीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे अँगल असतो, वेल्डिंग मशीन असते, आणि गेट-ग्रिलच्या कामातून उरलेले तुकडेही असतात. तो सहज चार पायांचे टेबल करून देईल. त्याला तीन पायांचे मागावे. हलत्या जमिनीवर चार पायांतला एक नेहमी अधांतरी राहतो. तीन पाय कसेही टेकतात. चूल तीन दगडांची असते ती याच हिशेबाने. चाके मात्र टाळावीत. शहाबादी फरशीच्या अंगणात ती ठीक. मोकळ्या काळ्या जमिनीत जड भांड्यासह चाक रुतते, आणि ढकलताना झटका बसला की तडकते ते खापर.

दगडाची परीक्षा

विस्तवाखाली काय घालायचे, यावर गावात प्रत्येकाचे मत असते आणि बहुतेक मते दिसण्यावरून ठरलेली. कडप्पा काळाभोर, गुळगुळीत, स्वस्त. पण तो थरांचा दगड. थरांत पाणी मुरते, खालून-वरून अचानक तापला की पापुद्रे सुटतात. ग्रॅनाइट कणखर दिसतो, पण त्यातले गारेचे कण तापल्यावर शेजारच्या कणांपेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतात आणि एकाच ठिकाणी आच लागली की दगड चिरतो. सिमेंट काँक्रीटचा प्रकार आणखी फसवा. आतली ओल वाफ होऊन कपच्या उडवते, आणि चारशे-साडेचारशे अंशांपुढे सिमेंटची पकडच ढिली होत जाते. पैनगंगेच्या पात्रातून उचलून आणलेला ओला गोटा तर विस्तवाजवळ ठेवूच नये; आतल्या वाफेने तो फुटतो आणि तुकडा कुठेही जातो. आपल्या भागाचा घडीव काळा दगड, ज्याचे पाटे-वरवंटे होतात, तो कोरडा असेल तर बऱ्यापैकी सोसतो. सर्वांत भरवशाची म्हणजे चांगली भाजलेली वीट, शक्य असल्यास भट्टीसाठी मिळणारी फायर ब्रिक.

यवतमाळ जिल्ह्यात सागवानाचा मोह होणारच. सागाला पाणी लागत नाही, वाळवी कमी लागते, बाहेरच्या टेबलाला याहून चांगले लाकूड नाही, हे सगळे खरे. पण तापणाऱ्या मातीच्या भांड्याखाली लाकूड कुठलेच चालत नाही. ज्वाळा लागायची गरज नसते. रोज तासन्‌तास तापून लाकूड आतल्या आत करपत जाते आणि करपलेले लाकूड मूळ लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेते. पहिले वर्ष काही होत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात; धोका दर महिन्याला वाढत असतो. सिरॅमिक ग्रिलचे उत्पादकही भांडे थेट लाकडावर ठेवू नका असे बजावतात. खाली दगडी लादी, लादी आणि भांडे यांच्यात पायांची फट, आणि वरच्या फळीच्या भोकात भांड्याभोवती सगळीकडून मोकळी जागा. ही फट वर आणि खाली दोन्हीकडे उघडी हवी. तापलेली हवा वर निघून खालून थंड हवा आली तरच फळी वाचते. खालून बंद केलेली फट निम्म्या कामाची.

आपल्या ओट्याला याहून सोपा उपाय आहे, आणि तो तंदूरवाल्याकडून घ्यावा. ओट्याचा माथा सपाट न करता त्याला चार इंचांची कड उचलून तबकासारखा खोलगट करायचा आणि त्यात वाळू व चाळलेली राख भरायची. चूल त्या भरणावर बसवायची, ओट्याला लिंपून टाकायची नाही. खालच्या सिमेंटपर्यंत आच पोचत नाही, चूल पूर्ण बुडावर टेकते, आणि वाऱ्याप्रमाणे चुलीचे तोंड फिरवता येते. उन्हाळ्यात इथे वारा पश्चिमेकडून, थंडीत बराचसा उत्तर-पूर्वेकडून. पक्की लिंपलेली चूल वर्षातले काही महिने तरी चुकीच्या दिशेला तोंड करून बसते. उभ्याने काम करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत धूर जास्त जातो हा आक्षेप खरा आहे. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून धूर निघून जातो. त्याला उत्तर एवढेच की तिने चुलीच्या तोंडासमोर उभे न राहता कुशीला राहावे, आणि सरपण घालायचे तोंड वाऱ्याकडे असावे. चूल फिरती असेल तरच हे जमते.

गॅस आला, मग हे कशाला?

हा मोठा आक्षेप. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यात सिलिंडर पोचले. त्याआधी १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम होता. त्याच्याही आधी वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या ग्रामोद्योगाच्या प्रयोगांत, धूर बाहेर काढणारी मगनचूल घडली. इतक्या पिढ्यांनी बाईला धुरातून बाहेर काढायला खटपट केली आणि आता चुलीला ओटा बांधा म्हणायचे, हे घड्याळ उलटे फिरवणे नव्हे काय? घरातल्या रोजच्या स्वयंपाकाबद्दल प्रश्न असता तर होय, हे उलटे फिरवणेच. बंद खोलीतल्या चुलीचे समर्थन करण्यासारखे काही नाही. पण परसातली चूल गॅस आल्यावर विझली नाही, हे कुणीही गावात फिरून पाहावे. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी घरी येते, तुरीच्या मळणीनंतर तुराट्या येतात. हे सरपण फुकट आहे आणि सिलिंडर फुकट नाही. शिवाय खापरावरची पोळी गॅसच्या गोल ज्वाळेवर होत नाही. खापराला सगळ्या पोटातून सारखी आच लागते. गॅसचे कडे मधेच तापवते, कड थंड राहते, आणि भांडे तडकायची शक्यता वाढते. चूल राहणारच असेल तर ती उकिडवी का राहावी, एवढाच मुद्दा आहे. सुधारित चुलींच्या कार्यक्रमांनी धुराचा आणि सरपणाचा हिशेब खूप केला. चुलीच्या उंचीचा, शेजारच्या परातीच्या जागेचा विचार त्या मानाने मागे राहिला.

दुसरा आक्षेप जास्त कसाचा आहे. जमिनीवरची चूल फुकट असते, सावलीबरोबर सरकते, पावसाळ्यात पडवीत येते, लग्नकार्याला तिची दहा रूपे होतात. रोडगे तर ओट्यावर होतच नाहीत. गोवऱ्यांचा थर, त्यात पुरलेले कणकेचे गोळे, वर पुन्हा विस्तव, हे काम जमिनीचे. भंडाऱ्याची चुलांगणेही जमिनीतच खणावी लागतात, मोठ्या कढईतले वरण ओट्यावर चढवणार कोण? हे सगळे मान्य करायला हवे. ओटा जमिनीवरच्या विस्तवाची जागा घेत नाही. तो आठवड्यातून तीन-चारदा एकट्या बाईने करायच्या कामासाठी आहे: भाकरी, पोळी, खापर, पाण्याचे पातेले. तिशीतल्या बाईला त्याची गरज वाटणार नाही. साठीतल्या सासूला विचारावे.

पऱ्हाटीबद्दल एक गोष्ट टेबल करणाऱ्याने विसरू नये. ती भडकन पेटते, ठिणग्या उडवते आणि लगेच संपते. सतत सारत राहावी लागते. सिरॅमिक ग्रिलमध्ये एकदा कोळसा भरला की माणूस तासभर दुसरीकडे जाऊ शकतो, इथे दोन मिनिटेही नाही. म्हणून चुलीच्या तोंडासमोर तबकाची कड भरणाच्या वर यायला नको, आणि हाताशी पण ठिणगीच्या पल्ल्याबाहेर सरपणाला जागा हवी. ओट्याच्या पोटातला रिकामा कप्पा सरपणासाठी आहे असे सगळ्यांना वाटते. तो राखेसाठी ठेवावा. वर छप्पर हवे तर पत्र्याचे, उंच, आणि कुडापासून, कडब्याच्या गंजीपासून लांब. मार्च ते मे या भागात सगळे इतके वाळलेले असते की एक ठिणगी पुरते. कोळसा वापरायचा असेल तर जंगलतोडीशिवाय तो करण्याची वाटही आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि त्यासाठी तिला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. उमरखेड तालुक्यात पोफाळीच्या कारखान्याचा ऊस आहे, पाचट आहे. इथे ते बहुतेक शेतातच जाळले जाते.

आधी कुंभाराकडे

या सगळ्यातून कामाचा क्रम उलटा होतो. गवंड्याकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे शेवटी जायचे, आधी कुंभाराकडे. खापर साच्यातून निघत नाही, चाकावर आणि थापीने घडते, त्यामुळे दोन खापरे सारखी नसतात. मातीत राख, लीद, वाळू किती पडली आणि आवा कसा पेटला यावर त्याचे सोसणे अवलंबून असते. फार घट्ट भाजलेले, टणटण वाजणारे भांडे पाण्याला चांगले, पण विस्तवावर थोडे सच्छिद्र, मऊ अंगाचे जास्त टिकते, कारण बारीक चीर पुढे धावत नाही. पहिले दोन-तीन जाळ मंद द्यायचे, तापल्यावर ओले फडके लावायचे नाही, पाऊस आला तर झाकायचे. एवढे पाळूनही खापर कधीतरी तडकतेच. नवे आणले की ते बोटभर उंच किंवा रुंद निघते आणि ज्याने जुन्या खापराच्या मापाने लोखंडी कडे वेल्ड करून घेतले त्याचे टेबल त्या दिवशी निकामी होते.

म्हणून कडे नकोच. वाळूच्या तबकात तीन विटा सुट्या ठेवाव्यात, खापर त्यांवर टेकवावे आणि विटा आत-बाहेर सरकवून ते बसवून घ्यावे. उंचीतला फरक खालची वाळू कमी-जास्त करून भरून काढता येतो. आणि उन्हाळ्यात कुंभाराकडे माठ घ्यायला जाल तेव्हा खापरे दोन घ्यावीत; पावसाळ्यात आवा बंद असतो.